घरचा शोधक रेडिओ : मांडणी व दोषनिवारण

शेतकऱ्याच्या घरी जी उपकरणे असतात, त्यांपैकी ज्याची सर्वांत कमी निगा राखली जाते असे उपकरण म्हणजे रेडिओ होय. वखराची पास बोथट झाली तर ती लोहाराकडे जाते. फवारणीचा पंप तुंबला तर त्याची तोटी खोलून साफ केली जाते. परंतु रेडिओ खरखर करू लागला की 'हा बिघडला' असा एकतर्फी निकाल देऊन त्यास फडताळात ठेवण्यात येते. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली. स्थळपाहणी केल्यावाचून पंचनामा लिहू नये, हा त्या खात्यातला पहिला धडा. तो धडा मी स्वतःच्या घरी विसरलो, आणि त्याची किंमत मला सोयाबीनच्या सुडीने भरावी लागली.

हकीकत थोडक्यात अशी. आमचे गाव चिखली तालुक्यात, घाटावर आहे. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या टेबलावरील रेडिओस दिवेलागणीपासून असह्य खरखर सुरू झाली. तालुक्याच्या गावी तो दुरुस्तीस दिला. कारागिराने दोनशे रुपये घेऊन 'यात दोष नाही' असे सांगितले, आणि त्याच्या दुकानात तो खरोखर स्वच्छ वाजला. घरी आणताच पुन्हा तीच खरखर. मी रागाने यंत्र फडताळात ठेवले. आश्विनात सोयाबीन सोंगून चार एकरांची सुडी लावली होती. एका दुपारी वादळाने वीज गेली, सायंकाळपर्यंत मोबाइलचा मनोराही मुका झाला. शेजारच्या शेतकऱ्याने रात्री सेलवरच्या रेडिओने हवामानाचा इशारा ऐकला व सुडीवर ताडपत्री ओढली. आमच्या घरी इशारा ऐकणारे यंत्र फडताळात होते. पहाटे पाऊस आला, सुडी भिजली, चार दिवसांत दाण्यास कोंब फुटले.

पुढे दिवाळीच्या साफसफाईत यंत्र बाहेर निघाले. त्या रात्री ओट्यावरील नवीन एलईडी दिवा मालवताच खरखर एकदम थांबली. दोष यंत्रात नव्हताच. तो दिव्यात होता. त्या दिवसापासून मी जे शिकलो ते एका वाक्यात सांगता येते : रेडिओचे बहुतेक दोष रेडिओच्या बाहेर असतात, म्हणून चौकशी बाहेरून आत करीत यावी, आतून बाहेर नव्हे.

१. मोबाइल असता रेडिओ कशास?

असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात व तो रास्त आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे उपयोजन विजेचा इशारा देते. 'मेघदूत' या उपयोजनावर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, जिल्हावार कृषिसल्ला मिळतो. ही साधने प्रत्येकाने मोबाइलवर ठेवावीत. परंतु त्यांचा सारा कारभार मनोऱ्यावर अवलंबून आहे, आणि मनोरा विजेवर. ज्या दिवशी वादळ येते, त्याच दिवशी हे दोन्ही आधार सुटण्याचा संभव अधिक. उलट क्षेपणकेंद्र शंभर मैलांवर असले तरी तेथील आवाज आपल्या गावची वीज जाण्याने थांबत नाही. सेलवर चालणारा रेडिओ हा म्हणून मोबाइलचा प्रतिस्पर्धी नव्हे, तर अडल्या वेळेचा जामीन आहे.

भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेस होते व तिचे भाकीत ऐकण्यास लोक दुरून येतात. तिचा मान आपल्या जागी आहे. पण ते भाकीत साऱ्या वर्षाचे असते. आज सायंकाळी सुडी झाकावी की नाही, हे विचारण्यास दररोजचेच साधन हवे.

२. यंत्राची ओळख

शोधक रेडिओ म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. जुन्या रेडिओत काटा हाताने फिरवून स्थानक लावीत. शोधक यंत्रात एक कळ दाबली असता यंत्र स्वतःच एकेक पायरी पुढे जाते, प्रत्येक पायरीवर क्षणभर कान देते, आणि ठरावीक जोराचा संकेत आढळला तर तेथे थांबते. आढळलेली स्थानके ते स्मरणातही ठेवते. म्हणजे यंत्र दोनच गोष्टी जाणते : पायरी केवढी टाकायची, आणि किती जोराच्या आवाजास स्थानक समजायचे. शोधक यंत्राचे निम्मे दोष या दोन गोष्टींतून उद्भवतात.

आपल्या कामाच्या लहरी दोन प्रकारच्या. मध्यम लहरी ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत असतात. त्या दिवसा जमिनीला धरून दूरवर पोचतात, आणि रात्री आकाशातील वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. एफएमच्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान असतात. त्यांचा आवाज स्वच्छ, परंतु त्या दृष्टीप्रमाणे सरळ जातात व डोंगराआड सहसा पोचत नाहीत. आपला जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने घाटावर व घाटाखाली असा विभागलेला आहे. त्यामुळे एकच एफएम केंद्र शेगावास स्पष्ट व देऊळगाव राजास मुके असे घडले, तर त्यात यंत्राचा अपराध नाही.

नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याचा ५८५ हा आकडा, जळगावचा ९६३ आणि अकोल्याचा एफएमवरील १०२.४ हे आकडे जुन्या श्रोत्यांस पाठ आहेत. मात्र अलीकडे देशातील अनेक मध्यम लहरींचे क्षेपक बंद करण्यात आले व एफएमवर भर देण्यात आला. २८ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी देशात ९१ लहान एफएम क्षेपकांचे उद्घाटन झाले. म्हणून जुन्या आकड्यांवर विसंबून यंत्रास दोष देऊ नये. आपल्या गावी आज काय लागते याचा शोध प्रत्येकाने स्वतः घ्यावा.

३. जागा व एरियल

यंत्र खिडकीजवळ, लाकडी टेबलावर किंवा फळीवर ठेवावे. पत्र्याचे घर असेल तर पत्रा लहरी अडवितो. तेथे खिडकीची जागा अधिकच महत्त्वाची. टीव्ही, मोबाइलचा चार्जर, सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर यांपासून यंत्र निदान पाच-सहा हात दूर असावे.

मध्यम लहरींसाठी यंत्राच्या पोटात एक काळी कांडी असते व तिच्यावर तारेचे वेढे असतात. ही कांडी दिशा ओळखते. तिची कूस केंद्राकडे असता आवाज सर्वांत मोठा, व टोक केंद्राकडे असता सर्वांत बारीक येतो. म्हणून स्थानक बारीक लागल्यास काही करण्यापूर्वी यंत्र जागच्या जागी पाव फेरा फिरवून पाहावे. हा उपाय फुकट आहे आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो. एवढ्याने भागले नाही तर दहा-पंधरा मीटर आवरणाची तार घराबाहेर उंच बांधावी. यंत्रास एरियलची जागा असेल तर तीत ती जोडावी. नसेल तर त्या तारेचे सात-आठ वेढे यंत्राच्या अंगाभोवती घालून दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या लोखंडी कांबीस बांधावे. आपली काळी जमीन ओलीत उत्तम अर्थिंग देते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की कांब सैल होते. चैत्र-वैशाखात कांबीच्या मुळाशी आठवड्यातून एकदा घागरभर पाणी ओतावे.

एफएमसाठी लांब तारेचा उपयोग नाही. तेथे माप महत्त्वाचे. तांब्याच्या तारेचे प्रत्येकी सुमारे ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे एका लाकडी पट्टीवर एका रेषेत ठोकावेत, मध्ये दोन बोटे अंतर ठेवावे. टीव्हीच्या डिशला वापरतात ती काळी केबल घेऊन तिची मधली तार एका तुकड्यास व बाहेरची जाळी दुसऱ्यास जोडावी. पट्टी आडवी बांधल्यास तिची कूस केंद्राकडे यावी. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक तालुक्यांस अकोला पूर्वेस किंवा ईशान्येस पडते. पूर्वेस असल्यास पट्टी दक्षिणोत्तर बांधावी. पट्टी उभी धरूनही एकदा पाहावे व ज्यात आवाज स्वच्छ ती रीत कायम करावी.

एरियल कोणत्याही परिस्थितीत विजेच्या तारांच्या वरून, खालून अथवा जवळून नेऊ नये. तुटून पडली तरी विजेच्या तारेस स्पर्श होणार नाही, एवढे अंतर राखावे.

४. पहिली जुळवणी

यंत्र नवीन असता प्रथम पायरी तपासावी. आपल्या देशात मध्यम लहरींची स्थानके नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. अमेरिकेत हे अंतर दहाचे आहे. बाहेरून आलेली कित्येक यंत्रे दहाच्या पायरीवर लावलेली असतात. असे यंत्र ५८० वरून ५९० वर उडी घेते व ५८५ त्यास सापडतच नाही; किंवा सापडले तर आवाज तोंडात घास घेऊन बोलल्यासारखा येतो. पायरी नऊची आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी : पाटीवर दिसणाऱ्या प्रत्येक आकड्यातील अंकांची बेरीज नऊने भागली गेली पाहिजे. ५८५ चे ५ अधिक ८ अधिक ५ म्हणजे १८. ९६३ चेही १८. मुंबईच्या १०४४ चे ९. खूण न जुळल्यास यंत्राच्या माहितीपत्रकात पाहून पायरी बदलावी.

नंतर संवेदनेचा खटका पाहावा. काही यंत्रांवर 'लोकल' व 'डीएक्स' असा खटका असतो. 'लोकल' म्हणजे केवळ जवळचे व जोरदार. आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी तो 'डीएक्स'वर ठेवावा. ज्या यंत्रांत खरखर दाबण्याची वेगळी चकती असते, तेथे ती चकती खरखर नुकती थांबेल इतकीच फिरवावी. अधिक फिरविल्यास खरखरीबरोबर दूरचे स्थानकही दाबले जाते व यंत्र न थांबता फिरत राहते. कमी फिरविल्यास ते प्रत्येक खरखरीवर थांबते.

शोधाची कळ एकदा सकाळी व एकदा रात्री चालवावी, कारण मध्यम लहरींवर दोन्ही वेळचे निकाल वेगळे येतात. तथापि यंत्राच्या शोधावर सर्वस्वी विसंबू नये. ओळखीचे स्थानक यंत्राने वगळले तर त्याचा आकडा हाताने लावून पाहावा. यंत्रास जो संकेत क्षीण वाटतो, तो माणसाच्या कानास पुष्कळदा पुरतो.

५. दोषाची चौकशी

दोष आढळल्यास पुढील क्रम सोडू नये.

यंत्र अगदीच मुके असेल तर प्रथम सेल पाहावेत : उलटे बसले आहेत काय, त्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली आहे काय. पूड कोरड्या फडक्याने पुसून टोके बारीक काचकागदाने हलके घासावीत. बरेच दिवस यंत्र वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावेत. नंतर कानात घालावयाच्या यंत्राची खाच पाहावी. तिच्यात कचरा किंवा अर्धवट बसलेली खुंटी असल्यास मुख्य आवाज बंद पडतो. कळा दाबूनही काही घडत नसेल तर कुलुपाची कळ चुकून दाबली गेली आहे असे समजावे. आवाजाची चकती फिरविताना करकर होत असेल तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावी. बहुधा करकर जाते.

यंत्र वाजते पण खरखरते, हा दोष सर्वांत अधिक. येथे यंत्र सेलवर चालवून घरचा मुख्य खटका बंद करावा. खरखर थांबली तर दोष घरातला आहे. मग खटका चालू करून एकेक दिवा, एकेक चार्जर लावीत जावे. ज्याच्याबरोबर खरखर परत येईल तोच अपराधी. स्वस्त एलईडी दिवे, रेडिओचाच विजेवरचा अडॅप्टर आणि सौर इन्व्हर्टर यांवर प्रथम संशय घ्यावा.

मुख्य खटका बंद करूनही खरखर राहिली तर दोष घराबाहेरचा. तिचा स्वर ऐकावा. सुमारे दर सेकंदास एक 'टक्' असा आवाज येत असेल तर तो शेताच्या कुंपणावरील झटका मशीनचा होय. हा आवाज मोठा असणे ही शेतकऱ्यास उपयोगी बातमी आहे : तारेला कोठेतरी गवत टेकले आहे किंवा जोड सैल होऊन ठिणगी पडत आहे. हातातील लहान रेडिओ मध्यम लहरींवर, स्थानक नसलेल्या जागी लावून कुंपणाच्या कडेने, तारेस स्पर्श न करता, चालत जावे. जेथे 'टक्' सर्वांत मोठा तेथे झटका गळतो आहे. रानडुकरे व रोही जेथून आत शिरतात ती जागा पुष्कळदा हीच निघते.

अखंड घुरघुर येत असेल, आणि ती कोरड्या हवेत वाढून पाऊस पडल्यावर कमी होत असेल, तर जवळच्या खांबावरील चिनी मातीचा चिमणीसारखा भाग तडकलेला किंवा धुळीने माखलेला असण्याचा संभव आहे. खांबास हात न लावता त्याचा क्रमांक टिपून वीज कंपनीस लेखी कळवावे व अर्जाची पोच घ्यावी.

एवढे सर्व पाहूनही दोष राहिला, तरच यंत्र कारागिराकडे न्यावे. आणि नेताना 'बिघडला आहे' असे न सांगता काय तपासले ते सांगावे.

६. विजेचा इशारा व विजेचे भय

आकाशात वीज चमकते तेव्हा तिच्या लहरी दूरवर पसरतात व मध्यम लहरींवर 'कड्‌कड्' असा तुटक आवाज उमटतो. रशियातील पोपोव्ह या शास्त्रज्ञाने १८९५ साली जे ग्राहकयंत्र दाखविले, ते याच तत्त्वावर दूरच्या विजांची वर्दी देई. आपणही दुपारी ५३१ ते ६०० च्या दरम्यान एखादी रिकामी जागा लावून ऐकावे. कड्‌कड् दर मिनिटास वाढत चालली तर वादळ वाढत आहे किंवा जवळ येत आहे असे समजावे. यावरून वादळाची दिशा व अंतर निश्चित कळत नाही. तरी मजुरांस माघारी बोलावण्यास व बैल सोडण्यास तेवढा वेळ मिळू शकतो. एफएमवर हा आवाज जवळजवळ येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मेघगर्जना कानी पडू लागली की रेडिओचे काम संपले. चमक व गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. त्वरित पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. बाहेरचे एरियल आकाश स्वच्छ असतानाच यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवण्याची सवय लावावी. वादळ माथ्यावर आल्यावर ते सोडविण्यास धावणे म्हणजे मृत्यूस हात देणे होय. वीज पडून गेलेल्या माणसांचे पंचनामे या हाताने लिहिले आहेत. त्यांतील पुष्कळांस केवळ पाव तास आधी कळले असते तर ते वाचले असते.

७. कायद्याची मर्यादा

पूर्वी रेडिओ बाळगण्यासही पोस्टात फी भरून परवाना घ्यावा लागे. ती पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. परंतु ही मोकळीक सार्वजनिक प्रसारण ऐकण्यापुरती आहे. बाजारात अशीही शोधक यंत्रे दिसतात, जी पोलीस, विमाने वगैरेंच्या लहरींपर्यंत पोचतात. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांनी अशा गोष्टींवर निर्बंध घातले होते. त्यांची जागा घेण्यासाठी केलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ते सोडलेले नाहीत. कुतूहलापायी असे यंत्र घरी आणू नये. ज्या तरुणास या विद्येची खरी गोडी असेल त्याने हौशी बिनतारी चालकाची सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा. तो राजमार्ग आहे.

८. नोंदवही

शेवटी जुन्या कारकुनाची एक विनंती. रेडिओजवळ एक लहान वही टांगावी. तीत तारीख, वेळ, स्थानकाचा आकडा, आवाज कसा होता, आणि त्या वेळी घरात कोणते नवीन उपकरण चालू होते, एवढे पाच रकाने असावेत. माझ्या वहीत असे रकाने असते तर भाद्रपदातील ज्या दिवशी खरखर सुरू झाली त्याच दिवशी ओट्यावर नवा दिवा लागला, ही गोष्ट दोन ओळी वाचताच दिसली असती.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्रास कळवीत. त्या प्रयोगाचे मर्म यंत्रात नव्हते, एकत्र ऐकण्यात होते. आपल्या सोसायटीच्या कचेरीतही एक सेलवरचा रेडिओ, एक वही आणि सायंकाळी ऐकण्यास नेमलेला एक माणूस एवढी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. सोसायटीच्या भोंग्यावरून इशारा गेला तर एकाच्या कानावर पडलेले शब्द साऱ्या शिवाराच्या सुड्या झाकतील. सोंगणीपूर्वी प्रत्येकाने आपल्या फडताळातील यंत्र बाहेर काढावे, सेल घालावेत, आणि निकाल देण्यापूर्वी स्थळपाहणी करावी, इतकेच सांगून लेख पुरा करतो.